लस आणि लोकमत : काही क्रियापदांचा विचार

१

साथीच्या रोगांवरील लसीसंबंधी मुंबईच्या लोकांचे मत कसकसे बदलत गेले, याची एक ठराविक कथा आपल्याकडे सांगितली जाते. पूर्वी लोक अडाणी होते. ते रोगाला देवी मानीत, सुईला भीत, आणि प्रसंगी इस्पितळावर चालून जात. पुढे शिक्षण पसरले, शास्त्राचा प्रकाश पडला, आणि लोक शहाणे होऊन लस घेऊ लागले. या कथेला प्रारंभ आहे, उत्कर्ष आहे आणि सुखान्तही आहे. पाठ्यपुस्तकांतून, भाषणांतून आणि आता पदव्युत्तर प्रबंधांतूनही ती वारंवार भेटते. प्रबंधलेखक बहुधा दोन प्रकरणे करतात : पहिल्याचे नाव ‘अंधश्रद्धा’, दुसऱ्याचे ‘जागृती’.

ही कथा सर्वस्वी खोटी आहे असे माझे म्हणणे नाही. देवीच्या रोगाचे निर्मूलन झाले ते लसीमुळेच. आणि लोकांनी दंड पुढे केला नसता तर ते झाले नसते. परंतु कथेचा सरळपणाच संशयास्पद आहे. लोकमत असे एका रेषेत चालत नाही. ते पुढे जाते, थांबते, परतते, आणि कित्येकदा एकाच माणसाच्या ठिकाणी एकाच वर्षात ही तिन्ही रूपे घेते. हे तपासण्यासाठी सरकारी अहवाल आणि वृत्तपत्रे ही साधने आहेतच. पण त्यांत बोलतो तो बहुधा लस देणारा किंवा लस देणाऱ्यावर रागावणारा सुशिक्षित. ज्याच्या दंडात सुई शिरते त्याचे म्हणणे आपल्याला त्याच्या भाषेतच शोधावे लागते. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला येथे काही काम आहे असे वाटते, आणि ते नामांपेक्षा क्रियापदांपाशी अधिक आहे. नाम म्हणजे पूर्वजांनी ठेवलेला ठेवा. तो आपण विचार न करता वापरतो. क्रियापद मात्र बोलणाऱ्याला प्रत्येक वेळी निवडावे लागते : कोणी केले, कोणाला झाले, कोणी सोसले, हे ठरवल्याशिवाय वाक्य पुरे होत नाही.

२

प्रथम देवीचा रोग घेऊ. मराठीत हा रोग ‘होत’ नसे. देवी ‘येत’ आणि अंगावर ‘निघत’. ‘पोराला देवी आल्या’ या वाक्यात पोर चतुर्थीत आहे, देवी कर्त्याच्या जागी आहेत, आणि क्रियापद पाहुण्याच्या आगमनाचे आहे. माहीमच्या शीतलादेवीच्या देवळात ज्या भावनेने बायका जात, तीच भावना या वाक्यरचनेत आहे. आलेल्या पाहुणीला हाकलावयाचे नसते. तिचे नीट करून तिला सुखाने पाठवावयाचे असते.

हिंदुस्थानात गोस्तनाची लस प्रथम टोचली गेली ती मुंबईत, १४ जून १८०२ रोजी. बसऱ्यामार्गे आलेल्या त्या लशीचा यशस्वी प्रयोग ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीच्या दंडावर झाला, आणि तिच्या फोडातील द्रवापासून ती पुढे पुणे, सुरत, हैदराबाद अशा ठिकाणी गेली. त्या काळी लस बाटलीतून येत नव्हती. एका मुलाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर अशी ती जाई. ‘लस’ या शब्दाचा मूळ अर्थही तोच : जखमेतून किंवा फोडातून पाझरणारे पातळ, चिकट पाणी. ‘जखमेतून लस वाहते’ असे आपण आजही म्हणतो. तेव्हा ‘लस टोचणे’ याचा त्या काळचा शब्दशः अर्थ दुसऱ्या कोणाच्या अंगातील पाणी आपल्या मुलाच्या अंगात घालणे असा होतो. सोवळ्याओवळ्याच्या आणि जातिभेदाच्या समाजात या कल्पनेने लोक बिचकले, यात नवल काही नाही. नवल आहे ते दुसऱ्याच गोष्टीचे. या नव्या क्रियेला मराठी माणसाने जे नाव दिले ते विरोधाचे नव्हते. तो म्हणू लागला : ‘देवी काढणे’.

या शब्दप्रयोगाकडे आपल्या अभ्यासकांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही. ‘निघणे’ हे अकर्मक क्रियापद आणि ‘काढणे’ हे त्याचे सकर्मक रूप. देवी आपण होऊन निघतात. डॉक्टर त्या काढतो. म्हणजे लस टोचणारा मनुष्य देवीच्या विरुद्ध काही करीत नाही. ती जे करणार होती तेच तो थोडक्यात, दंडापुरते आणि बेताने करवून घेतो. दंडावर येणारा फोड ही त्याची साक्षच होती. व्याकरणाने येथे जे साधले ते कोणत्याही जाहीरनाम्याला साधले नसते : जुनी श्रद्धा न मोडता नवी क्रिया तीत सामावली गेली. मुंबई शहरात देवी काढण्याची सक्ती करणारा कायदा १८७७ मध्ये झाला. सक्तीला लोकांनी चुकारपणा केला, मुले लपविली, हे खरे. पण ज्या समाजाने ‘देवी काढणे’ हा शब्दप्रयोग घडविला, त्याने लस केवळ अंधश्रद्धेपायी नाकारली असे म्हणणे भाषेच्या पुराव्याशी जुळत नाही. श्रद्धा हीच येथे स्वीकाराची वाट झाली होती. राष्ट्रीय देवी-निर्मूलन कार्यक्रम १९६२ मध्ये सुरू झाला आणि या देशातील शेवटचा रोगी १९७५ मध्ये आढळला. तोपर्यंत, आणि नंतरही जुन्या पिढीच्या तोंडी, ‘देवी काढल्या का?’ हाच प्रश्न होता.

३

प्लेगची गोष्ट वेगळी आहे, आणि ठराविक कथेचा सर्वांत मोठा घोटाळा येथेच होतो. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवी भागात प्लेगचे निदान केले. त्या वर्षाच्या २९ ऑक्टोबरला सुमारे हजार गिरणी कामगार आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेले. पुण्यात रँडचा वध झाला तो २२ जून १८९७ रोजी. मुंबईत ९ मार्च १८९८ रोजी मोठी दंगल उसळली, तीत गोळीबार झाला. या तिन्ही घटना एका सुतात ओवून ‘लसीला झालेला विरोध’ म्हणून सांगण्याची प्रथा पडली आहे. एका संपादित ग्रंथाच्या प्रस्तावनेत आणि अनेक विद्यार्थ्यांच्या टिपणांत मी ती पाहिली आहे.

तारखा पाहिल्या तरी हे म्हणणे कोसळते. वाल्देमार हाफकिन मुंबईस आले ते ऑक्टोबर १८९६ मध्ये. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका खोलीत त्यांनी काम मांडले. मांसरसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवायचे आणि त्यांच्याखाली प्लेगच्या जंतूंची लोंबती वाढ करावयाची, अशी त्यांची पद्धत होती. नंतर ते जंतू उष्णतेने मारून लस सिद्ध होई. ती त्यांनी प्रथम स्वतःला टोचून घेतली, १० जानेवारी १८९७ रोजी. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगातील राजीखुशीने पुढे आलेल्या कैद्यांवर प्रयोग झाला. म्हणजे आर्थर रोडवर कामगार चालून गेले तेव्हा प्लेगची लस या जगात नव्हतीच! त्यांचा राग होता तो रोग्याला घरातून उचलून नेण्यावर, बायकामाणसांच्या अंगाला परक्याने हात लावण्यावर, आणि ज्या इस्पितळातून फारसे कोणी जिवंत परतत नसे त्या इस्पितळावर. पुण्यात आणि १८९८ च्या मुंबईतही मूळ ठिणगी घरझडतीची आणि रोगी हलविण्याचीच होती. ४ फेब्रुवारी १८९७ च्या साथरोग कायद्याने सरकारच्या हाती जो अमर्याद अधिकार दिला, त्याची ही प्रतिक्रिया होती.

त्या काळच्या बोलण्यातील क्रियापदे या दृष्टीने पाहावीत. रोग्याला ‘नेला’, ‘उचलला’, ‘धरला’. घर ‘तपासले’, ‘धुतले’, ‘जाळले’. या सर्वांचा कर्ता बाहेरचा आहे. घरचा माणूस केवळ कर्म आहे. लसीविषयी मात्र क्रियापद वेगळेच होते : ‘टोचून घेणे’. मराठीत धातूच्या ‘ऊन’ रूपापुढे ‘घेणे’ जोडले म्हणजे क्रिया दुसऱ्याच्या हातून झाली तरी इच्छा आपली राहते. न्हाव्याकडून आपण केस कापून घेतो, वैद्याकडून दात काढून घेतो. सरकारने प्लेगची लस सक्तीची केली नाही. ती ऐच्छिक ठेवली. म्हणून भाषेतही टोचून घेणारा हा कर्ता राहिला. एकीकडे ‘नेला’ आणि दुसरीकडे ‘टोचून घेतले’ ही दोन क्रियापदे त्या काळच्या लोकांनी वेगळी ठेवली होती. ती एकत्र कालवण्याचे काम नंतरच्या इतिहासकारांनी केले.

४

याचा अर्थ लसीविषयी शंका नव्हती असा नव्हे. सुई हातभर लांब असते, ती टोचताच माणूस मरतो, पुरुषांचे पौरुष जाते, बायकांना मूल होत नाही, अशा वदंता होत्याच. लशीत मांसाचा अंश आहे ही शंका तर निराधारही नव्हती. शिवाय शब्दानेही थोडा घात केला असावा. हाफकिन यांच्या लशीत कोणाच्याही फोडातील पाणी नव्हते. ते मारलेल्या जंतूंचे द्रावण होते. पण भाषेने तिला जुनेच ‘लस’ हे नाव दिले, आणि नावाबरोबर जुनी किळस नव्या बाटलीत उतरली. वस्तू बदलते, शब्द टिकतो आणि शब्दाला चिकटलेल्या शंका टिकतात, हा अर्थशास्त्रातला नव्हे, तर अर्थविचारातला नेहमीचा अनुभव आहे.

या शंकांना उत्तर मिळाले ते पुस्तकांतून नव्हे, माणसांतून. तरुण आगाखान तिसरे यांनी जाहीरपणे टोचून घेतले आणि आपले खुश्रू लॉज हाफकिन यांच्या कामासाठी दिले. त्यांच्यामागून खोजा समाजातील लोक मोठ्या संख्येने पुढे आले. इलाख्यातील हुबळीसारख्या गावीही लोकांनी मोठ्या प्रमाणावर टोचून घेतले. १० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात प्लेग संशोधन प्रयोगशाळेचे उद्घाटन झाले. तीच १९२५ पासून हाफकिन इन्स्टिट्यूट या नावाने ओळखली जाते. ज्या गिरणगावाने आर्थर रोडचे इस्पितळ शत्रूचे मानले होते, त्याच्याच शेजारी आता लस तयार होऊ लागली.

तथापि येथेही रेषा सरळ नाही. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल या गावी परळच्या लशीच्या एकाच बाटलीतून टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. हाफकिन यांच्यावर ठपका आला, त्यांचे काम सुटले. आणि बाटली उघडताना गावातच दूषित झाली असावी हे मान्य होऊन ते निर्दोष ठरावयास १९०७ साल उजाडले. या पाच वर्षांत ज्याने ‘बघू’ म्हटले त्याला अंधश्रद्ध म्हणावयाचे काय? ज्या सरकारने स्वतःच आपल्या शास्त्रज्ञावर अविश्वास दाखविला, त्या सरकारच्या बाटलीवर परळच्या कामगाराने डोळे मिटून विश्वास ठेवावा, ही अपेक्षा अजब म्हटली पाहिजे.

आणखी एक गोष्ट. टोचून घेतलेल्यांस दाखला देऊन विलगीकरणाच्या छावणीतून आणि प्रवासातील अटकावातून सूट देण्याची पद्धत त्या काळी सरकारने अवलंबिली. दाखल्यासाठी टोचून घेणारा आणि पटले म्हणून टोचून घेणारा हे दोघे आकड्यांत एकच दिसतात. भाषेत ते एक नाहीत. ‘पटणे’ या क्रियापदाला मराठीत कर्ता चालत नाही. गोष्ट ‘मला’ पटते. ‘घेणे’ मात्र ‘मी’ करतो. ‘मला पटली नाही, पण मी घेतली’ हे वाक्य मराठीत सहज होते, आणि लोकमताचा अभ्यास करणाऱ्याने ते भिंतीवर लिहून ठेवावे असे आहे. किती जणांनी घेतली हे मोजून किती जणांना पटली हे कळत नाही.

५

आता अगदी अलीकडच्या साथीकडे येऊ. मध्यंतरी १९९५ पासूनच्या पोलिओ मोहिमेने ‘डोस’ हा शब्द घराघरांत नेला होता. त्याचे क्रियापद ‘पाजणे’ : आई पाजते, मूल पिते. २०१४ मध्ये हा देश पोलिओमुक्त म्हणून जाहीर झाला, तोपर्यंत ‘डोस’ हा चाळीतल्या कोणत्याही घरी आपला शब्द झाला होता. कोविडच्या काळात तो प्रौढांना लागू झाला, इतकेच.

मुंबईत कोविडच्या लशीला १६ जानेवारी २०२१ रोजी आरंभ झाला, परळचे के. ई. एम. रुग्णालय पहिल्या केंद्रांपैकी एक होते. याच रुग्णालयात सप्टेंबर २०२० मध्ये लशीची मानवी चाचणीही झाली होती. पहिल्या आठवड्यांत केंद्रांवर अपेक्षेइतकी गर्दी नव्हती. आणि हे आठवडे आरोग्य-कर्मचाऱ्यांचे होते, अडाण्यांचे नव्हते. १ मार्चपासून साठीपुढील लोकांना आणि व्याधी असलेल्या पंचेचाळिशीपुढील लोकांना, १ एप्रिलपासून पंचेचाळिशीपुढील सर्वांना, १ मेपासून अठरा वर्षांपुढील सर्वांना लस खुली झाली. दरम्यान दुसरी लाट आली. ३० एप्रिल ते २ मे या तीन दिवसांत साठ्याअभावी मुंबईतील लसीकरण बंद ठेवावे लागले. मेच्या आरंभी दादरला वाहनतळावर गाडीत बसून लस देण्याची सोय झाली, तेव्हा गाड्यांची रांग लागली. मे-जूनमध्ये शहरात बनावट लशीची शिबिरे भरल्याचे उघड झाले. त्यांतही लोकांनी पैसे देऊन टोचून घेतले होते.

या महिन्यांतील बोलणे ज्याने कान देऊन ऐकले असेल त्याला तीन प्रश्न आठवतील. जानेवारी-फेब्रुवारीत प्रश्न होता : ‘घ्यावी का?’ एप्रिल-मेमध्ये : ‘मिळाली का?’ पावसाळ्यानंतर : ‘दोन्ही झाले का?’ पहिल्यात विध्यर्थ आहे. कर्तव्याची आणि संशयाची सरमिसळ आहे. दुसऱ्यात ‘मिळणे’ आहे, जे भाग्यावर किंवा दुसऱ्याच्या देण्यावर अवलंबून असते. रेशन मिळते, नोकरी मिळते, पाणी मिळते, तशी लस मिळते. तिसऱ्यात ‘होणे’ आहे. ‘माझे दोन्ही डोस झाले’ यात घेणारा नाही, देणारा नाही. श्राद्ध झाले, परीक्षा झाली, तसे एक कार्य पार पडले आहे. मोजक्या महिन्यांत संशय, आस आणि उरकणे अशा तीन अवस्था एकाच घरातून गेल्या. या अवधीत कोणाचे शिक्षण वाढले नव्हते की कोणाची श्रद्धा ढळली नव्हती. बदलले होते ते तीन घटक : रोग किती जवळ आला, शेजाऱ्याचे काय झाले, आणि वस्तू सुलभ आहे की दुर्मिळ. लशीच्या दोन डोसांमधील अंतर मार्चमध्ये सहा ते आठ आठवडे आणि मेमध्ये बारा ते सोळा आठवडे असे बदलले गेले. त्यामागे शास्त्रीय कारण असले तरी तुटवड्याच्या दिवसांत ते कारण लोकांच्या गळी उतरणे कठीण होते.

१५ ऑगस्ट २०२१ पासून दोन्ही डोस होऊन चौदा दिवस झालेल्यांनाच लोकलने प्रवास करण्याची मुभा मिळाली. प्लेगच्या दाखल्याचे हे सख्खे भावंड होय. मुंबईत लोकल म्हणजे पोटापाण्याची वाट. तेव्हा पटणे आणि घेणे यांतील भेद पुन्हा आकड्यांत बुडाला. २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कोणालाही लस घेण्यास भाग पाडता येणार नाही असा निर्णय दिला. तोवर महाराष्ट्रातले निर्बंध उठलेलेही होते. तिसरी, ‘खबरदारीची’ मात्रा देण्यास आरंभ झाला तो १० जानेवारी २०२२ रोजी, म्हणजे हाफकिन यांनी स्वतःला टोचून घेतले त्याला बरोबर १२५ वर्षे झाली त्या दिवशी. तिच्याकडे प्रौढांनी बव्हंशी पाठ फिरविली, ती पुढे काही काळ मोफत करूनही. आता चौथा प्रश्न कानी येई : ‘आता कशाला?’ दोन डोस घेतलेला, लस मानणारा, पहिल्या रांगेत उभा राहिलेला मनुष्यच हे विचारीत होता. ‘अंधश्रद्धा ते जागृती’ या कथेत या माणसाला कोठे बसवावयाचे?

६

या पार्श्वभूमीवर आपण वापरीत असलेल्या संज्ञांची परीक्षा करणे प्राप्त आहे.

‘लसीकरण’ या शब्दावर व्याकरणाचा आक्षेप जुना आहे. ‘शुद्धीकरण’, ‘वर्गीकरण’ यांतील रचना जे नव्हते ते करणे या अर्थाची, अभूततद्भावाची. त्या न्यायाने ‘लसीकरण’ म्हणजे जी लस नव्हती तिला लस करणे, असा हास्यास्पद अर्थ होतो. पण हा आक्षेप मला महत्त्वाचा वाटत नाही. ‘विद्युतीकरण’ आपण चालवून घेतलेच आहे. खरा दोष निराळा. ‘नागरिकांचे लसीकरण करण्यात आले’ या सरकारी वाक्यात नागरिक षष्ठीत गेला आहे, आणि ‘करण्यात आले’ने देणाराही अदृश्य केला आहे. लोक म्हणतात ‘मी लस घेतली’. प्रयोग कर्मणी असला तरी कर्ता जागेवर आहे. पत्रक म्हणते ‘आपले लसीकरण’. ज्या भाषेत माणूस कर्ता नसतो त्या भाषेतून त्याचे मत कळण्याची आशा थोडीच.

एप्रिल २०२१ मध्ये फुले जयंतीपासून आंबेडकर जयंतीपर्यंत ‘टीका उत्सव’ जाहीर झाला. हिंदीत टीका म्हणजे कपाळावरचा टिळा, आणि त्यावरून दंडावरील खूण. मराठीत टीका म्हणजे दोषदर्शन. त्याच आठवड्यात मुंबईतील अनेक केंद्रे साठ्याअभावी बंद पडली, तेव्हा मराठी अर्थाचा उत्सव मात्र यथासांग साजरा झाला! विनोद सोडला तरी मुद्दा उरतो. उत्सव लोकांचा असतो. लालबागच्या मंडळाने २०२० मध्ये मूर्ती न बसविता ‘आरोग्योत्सव’ केला, तेव्हा तो शब्द शोभला, कारण तो मांडणारे आणि पाळणारे एकच होते. वरून आलेला उत्सव हा आदेशच असतो.

वृत्तपत्रांनी ‘लसवंत’ हा शब्द घडविला. घडण सुबक आहे. पण ‘वंत’ हा प्रत्यय गुणवंत, भाग्यवंत, पुण्यवंत यांचा. ज्याला लस मिळाली तो पुण्यवंत ठरला की ज्याला मिळाली नाही तो आपोआप दुसऱ्या बाजूस जातो, मग कारण त्याची शंका असो की रांगेत संपलेला साठा असो.

सर्वांत घातक संज्ञा ‘लस-संकोच’. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने २०१४ मध्ये जी व्याख्या केली, तिचा आशय असा की सेवा उपलब्ध असूनही लस घेण्यास विलंब करणे किंवा ती नाकारणे. ‘उपलब्ध असूनही’ ही अट येथे कळीची आहे. एप्रिल-मेच्या मुंबईला ती लागूच होत नाही. शिवाय मराठीतला संकोच हा फार सौम्य आणि सभ्य भाव आहे : पंगतीत दुसऱ्यांदा वाढून घेताना वाटतो तो. १८९६ चा कामगार रागावला होता. १९०३ चा मनुष्य शंकित होता. जानेवारी २०२१ मधला सावध होता. २०२२ मधला कंटाळला होता. राग, शंका, सावधपणा, कंटाळा या चार भिन्न वृत्तींना एका नावाखाली घातले की त्यांवर इलाजही एकच सुचतो, तो म्हणजे उपदेशाचे डोस पाजणे. रागावर इलाज म्हणजे झडती थांबविणे. शंकेवर, चूक कशी झाली ते उघड सांगणे. सावधपणावर, शेजाऱ्याचे उदाहरण आणि थोडा वेळ. कंटाळ्यावर, ‘आता कशाला’ या प्रश्नाचे सरळ उत्तर. एकाचे औषध दुसऱ्यास चालत नाही.

मराठीजवळ यासाठी परक्या संज्ञेची गरजही नव्हती. ‘बघू’ हा शब्द आहेच. तो होकार नाही, नकारही नाही. बोलणारा निर्णय पुढे ढकलतो, पण दार लावून घेत नाही आणि विचारणाऱ्याचा मानही राखतो. पाहणीच्या तक्त्यात ‘होय’ आणि ‘नाही’ असे दोनच रकाने असले की ‘बघू’ म्हणणारा बहुधा ‘नाही’त टाकला जातो. महिन्याभराने तोच रांगेत उभा दिसतो, तेव्हा ‘जागृती’ झाली अशी नोंद होते. वस्तुतः जागृती झालेली नसते. तो पहिल्यापासून जागाच होता आणि पाहत होता.

७

यावर एक आक्षेप येईल, आणि तो योग्य आहे. भाषा ही मताचा आरसा नव्हे. आजही ‘देवीचे व्रण’ म्हणणारा मनुष्य देवीला भीत असेलच असे नाही. ‘सूर्य उगवला’ म्हणणाऱ्यास खगोलशास्त्र ठाऊक नसते असे थोडेच आहे? हे मला मान्य आहे, आणि म्हणूनच वर नामांवर मी भर दिलेला नाही. परंतु ‘नेला’ आणि ‘टोचून घेतले’, ‘मिळाली’ आणि ‘झाले’, ‘पटली’ आणि ‘घेतली’ यांपैकी कोणते क्रियापद वापरावे, ही निवड गोठलेली नसते. ती परिस्थितीनुसार बदलते, आणि ती बदलली म्हणजे बोलणाऱ्याने स्वतःला वाक्यात निराळ्या जागी उभे केले आहे एवढे निश्चित समजावे. एवढाच पुरावा पुरेसा आहे असे मी म्हणत नाही. पण आकड्यांच्या पुराव्यात जे निसटते ते यात सापडते, असे मात्र म्हणतो.

दुसरा आक्षेप असा की अशा सूक्ष्म भेदांनी साथीच्या धामधुमीत काय साधणार? साधणार ते हे. प्लेगच्या वेळी इस्पितळावरील राग आणि लशीविषयीची शंका यांतील भेद सरकारला वेळेवर उमगला नाही, आणि त्याची किंमत लोकांनी भरली. गिरगावपासून परळपर्यंतची कुटुंबे शहर सोडून गावी गेली आणि साथही गावोगाव पोचली. पुढची साथ केव्हा येईल हे सांगता येत नाही, पण ती येणार नाही असे मानण्यास आधार नाही. त्या वेळी केंद्राबाहेर उभा राहणारा जो विद्यार्थी प्रश्नावली घेऊन जाईल, त्याच्या तक्त्यात दोन रकाने असावेत की चार, हा प्रश्न केवळ पद्धतीचा नाही.

तेव्हा या विषयावर काम करणाऱ्या अभ्यासकांस तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. लस आणि लसीभोवतीची सक्ती यांचा पुरावा वेगवेगळा नोंदवावा. ‘घेतली’ आणि ‘पटली’ हे दोन प्रश्न निराळे विचारावेत. आणि उत्तर लोकांच्या तोंडच्या वाक्यातच टिपून घ्यावे, क्रियापदासकट. मागाहून त्यावर संज्ञेचे लेबल चिकटविण्याची घाई करू नये. के. ई. एम. आणि हाफकिन या दोन संस्था परळला एकाच रस्त्यावर आहेत. सव्वाशे वर्षांत त्या परिसरात शंका, आस, विश्वास आणि कंटाळा यांची कित्येक आवर्तने झाली. त्यांचा इतिहास अंधारातून उजेडाकडे जाणाऱ्या एका वाटेचा म्हणून लिहिला गेला, तर तो वाचण्यास सोपा होईल. पण त्या रांगेत उभे असलेल्यांपैकी कोणालाही त्यात आपली ओळख पटणार नाही.